डोळ्याची तारीख आणि आत्याचं ‘नको’

४ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच, ते आधी पदरात घे. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ‘बरी आहे’च्या पलीकडे तू काही लिहीत नाहीस. दादा-वहिनींनाही तेवढंच कळवतेस म्हणे. तेव्हा माझंच सांगते.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, आता काढायलाच हवा, फार थांबू नका. मी म्हटलं, काढा की! तारीख द्या. तर म्हणाले, तारीख आमच्या हातात नाही, वेबसाइटवरून घ्या. पूर्वी जिथे तारीख लिहून द्यायचे त्या खिडकीला आता कुलूप आहे. फोन केला, तर टेपवरची बाई गोड आवाजात म्हणते, ‘कृपया आमच्या वेबसाइटला भेट द्या.’ अगं, सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, गावभरच्या माणसांना माणसं जोडून दिली, आणि आज मला जोडून द्यायला एक माणूस नाही!

बरं, गेले वेबसाइटवर. पान उघडतं न उघडतं तोच वरून करडा पडदा पडला. ‘आम्ही आणि आमचे भागीदार तुमचा अनुभव अधिक चांगला करू इच्छितो.’ माझा अनुभव चांगला करायला हे कोण? खाली हिरवंगार बटण, ‘हो, मान्य’. भिंग लावून सगळं पान धुंडाळलं, ‘नको’ कुठेच नाही. मी बटण दाबलं नाही. पडदाही हलला नाही.

आता म्हणशील, आत्याचा हेका. ऐक. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तुला माहीत आहेत. त्यांच्या छातीत गाठ लागली. घरात कुणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. याच पानावर ‘हो’ दाबून तपासणीची वेळ घेतली. लगेच घरातल्या टॅबवर विगच्या जाहिराती सुरू. मग कर्करोगाच्या विम्याच्या. सुनेनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘आई, हे काय येतंय?’ बाईंना जेवण उतरलं नाही. गाठ साधी निघाली, सुटल्या. पण मला म्हणाल्या, ‘पोराला सांगायला मी शब्द शोधत होते, तोवर दुकानदारांना कळलंसुद्धा.’

मागच्या सुट्टीत तूच शिकवलंस की बाहेरचा कोड ब्राउझरमध्ये बंद ठेवता येतो. मी ठेवलाय. आणि वाचनालयातले ग्रंथपाल म्हणाले की आता तसा कायदाच झालाय. आपल्या यंत्रात नको असलेला कोड नाकारायचा हक्क, आणि नाकारला म्हणून कुणी सेवा अडवायची नाही. तू त्याच धंद्यातली. खरं काय ते सांग.

तुझी आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. मी बरी आहे. (बघ, लिहिलं.)

ग्रंथपालांनी सांगितलं ते खरं आहे. तू पान उघडतेस तेव्हा नुसतं पान येत नाही. त्याच्याबरोबर कोड येतो, तुझ्या मशीनवर बसून काम करणारा. त्यातला काही गरजेचा असतो, म्हणजे रिकाम्या तारखा दाखवणारा, वय लिहायचं राहिलं तर सांगणारा. काही बाहेरच्या कंपन्यांचा असतो. कोण आलं, काय बघितलं, किती वेळ थांबलं, हे गोळा करून पुढे पाठवणारा. पहिला नाकारलास तर काम होणार नाही. दुसरा नाकारायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी तुला अडवणं बेकायदा आहे. कायदा इतका स्वच्छ आहे.

पण आत्या, कायदा पुस्तकात आहे आणि मोतीबिंदू डोळ्यात. तक्रार केलीस तर महिने जातील. एकदा, फक्त एकदा ‘हो’ दाब, तारीख घे. मग मी येऊन तुझं यंत्र घासूनपुसून लख्ख करून देईन. अशा वेबसाइट पायलीच्या पन्नास आहेत, सगळ्यांचं हेच. कुणाकुणाशी भांडणार?

डोळा आधी, तत्त्व मागून. रागावू नकोस.

आणि सहज विचारते, पडदा सोडून दे, पण तो फॉर्म कसा वाटला? म्हणजे दिसायला, भरायला?

तुझी भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

फॉर्म कसा वाटला म्हणे! पडद्याआडची नवरी कशी आहे ते मी काय सांगू? कडेनं थोडा दिसतो. अक्षरं ठसठशीत, चौकटी ऐसपैस, एकात लिहायला जावं तर दुसरीत बोट पडेल अशी दाटी नाही. ज्यानं केलाय त्याच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस असणार. पडदेवाला मात्र वेगळा कुणीतरी असावा. तो उपरा वाटतो.

आता ‘एकदा हो दाब’चं उत्तर. एक्सचेंजमध्ये आमच्या पुढ्यात प्रत्येक जोडणीला एक कळ असायची. ती खाली केली की दोन्हीकडचं बोलणं आपल्या कानात. जोडणी नीट झाली ना एवढं ऐकायचं आणि कळ वर करायची. मोठ्या बाई रांगेतून फिरायच्या, त्यांना मागून प्रत्येक कळ दिसायची. कळ खाली राहिली तर काही बोलायच्या नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवायच्या. त्या हाताची जी धास्ती होती ना, ती दंडाची नव्हती, विश्वास मोडल्याची होती. गावातले जन्म, मरण, सोयरिकी, भांडणं सगळं आमच्या बोटांखालून जायचं, आणि संध्याकाळी आम्ही घरी जायचो तेव्हा आम्हाला काही म्हणजे काही माहीत नसायचं. लोक चेष्टा करायचे, ‘तुम्हाला सगळं ठाऊक असेल.’ मी मान ताठ ठेवून म्हणायचे, नाही. भिंगरी, आयुष्यात मी मोठं काही केलं नाही, पण हे केलं. त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही.

आणि आता तारीख जोडून देणारा म्हणतो, मी कळ खालीच ठेवणार, शिवाय चार शेजारी ऐकायला आणून बसवणार, आणि नको म्हणालात तर जोडूनच देणार नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत!

हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले होते. टेबलामागचा भला माणूस म्हणाला, ‘आजी, डोळे मिटा आणि हो दाबा, सगळे दाबतात.’ मी म्हटलं, डोळे मिटायचेच असते तर इथे कशाला आले असते? तो हसला. मग मी त्या कायद्याच्या तक्रार अधिकाऱ्यांचा पत्ता घेतला, आणि तक्रार केली. झाली पोचती.

महिने लागले तर लागले. डावा डोळा आहे अजून. ही शाई जाड दिसतेय ती मुद्दाम, बारीक पेनचं मला आता दिसत नाही.

आत्या


२ मार्च

आत्या,

घाईत दोन ओळी. आनंदाची बातमी आहे, तारीख मिळाली! १८ मार्च, सकाळी. उपाशीपोटी जायचं, चष्मा न्यायचा, सोबत कुणीतरी हवं. शिंपीणबाईंना विचार.

कशी मिळाली ते विचारू नकोस. ओळखीतून सोय केली. तू काही दाबलं नाहीस, तुझा शब्द राहिला. सुंठीवाचून खोकला गेला म्हण आणि डोळा करून घे. तक्रार मागे घेतलीस तरी चालेल आता.

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

परवा दुपारी फोन आला. गोड आवाज, माणसाचा, टेपचा नव्हे. ‘मॅडम, उजव्या डोळ्यासाठी आमचं परदेशी भिंग घ्या, अठरा तारखेच्या आत कळवा.’

उजवा डोळा. अठरा तारीख. हॉस्पिटलबाहेर हे तिघींनाच माहीत होतं, मला, तुला आणि शिंपीणबाईंना. मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. त्या बिचाऱ्या माझ्यासाठी उशीला अभ्रा शिवत होत्या.

हॉस्पिटलात जाऊन विचारलं. त्या भल्या माणसानं त्याचा मॉनिटर वळवून दाखवला. माझं नाव, माझं वय, माझा डोळा, आणि पहिल्याच ओळीत ‘संमती: हो’. ओळखीतून सोय केलीस होय! माझ्या नावानं तू हो म्हणालीस.

तुझ्या मायेवर मला शंका नाही. पण ऐक, ज्या एका गोष्टीसाठी मी अर्धी आंधळी बसले होते, ती तू माझ्या पाठीमागे देऊन आलीस. मारून मुटकून वैद्यबुवा करतात, तसं तू मला मारून मुटकून राजी केलंस. कुंपणानंच शेत खाल्लं तर राखण कुणी करायची?

तारीख रद्द केली. तो माणूस दोनदा म्हणाला, आजी, परत नंबर लागायला वेळ लागेल. म्हटलं, लागू दे.

तक्रार मागे घेतलेली नाही. सुनावणी २२ एप्रिलला आहे. ओळी वर-खाली झाल्या असतील, वाचून घे.

आत्या


२० मार्च

आत्या,

तुझं पत्र खिशात घालून इतके दिवस ऑफिसला जातेय. आता सगळं सांगते, मग काय बोलायचं ते बोल.

‘हो’ मी दाबलं. चुकले. माफी मागते, पुढे ‘पण’ लावत नाही.

दुसरं. ती वेबसाइट आमच्या कंपनीची आहे. आणि तो फॉर्म मी केलाय. चौकटी ऐसपैस ठेवल्या त्या तुझं बोट आठवून. गेल्या वर्षी तो पूर्ण झाला तेव्हा तुला दाखवायचं होतं, बघ आत्या, हे माझं. मग विक्री विभागानं त्याच्यावर तो पडदा टाकला आणि मला दाखवायची लाज वाटायला लागली. म्हणून पहिल्याच पत्रात सांगितलं नाही. तू लिहिलंस ना, ज्यानं केलाय त्याच्या घरी कुणीतरी म्हातारं असणार, ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. वेडीच आहे मी.

तुझ्या त्या फोनचं वाचल्यावर मी खोटं नाव घालून फॉर्म भरत बसले आणि काय कुठे जातंय ते तपासलं. आत्या, मला वाटत होतं बाहेरचा कोड नुसती माणसं मोजतो. तो चौकटीत लिहिलेलं अक्षर न् अक्षर उचलतो. ‘पाठवा’ दाबायच्या आधीच. माणूस लिहून, घाबरून, पुसून टाकतो ना, तेही जातं. माझ्या चौकटींतून. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दळणारी मी.

मॅनेजरकडे गेले. तो वाईट माणूस नाही, पण त्याचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी बोलावून म्हणाला, एका बाईंची तक्रार आहे, सुनावणीत आपल्याला लेखी द्यायचंय की बाहेरच्या कोडशिवाय फॉर्म चालू शकत नाही. फॉर्म तुझा, सही तुझी हवी. तसं ठरलं तर कायद्यानं तो ‘गरजेचा कोड’ होतो आणि विषय संपतो. वर म्हणाला, पुढच्या महिन्यापासून टीमची प्रमुख तू. त्या बाई माझ्या कोण हे त्याला माहीत नाही.

फॉर्म चालतो, आत्या. त्या कोडशिवाय उत्तम चालतो. पडदा ही वरून टाकलेली एक ओळ आहे, ती काढली की झालं. पण हे मी लिहून दिलं तर नोकरीचं काय होईल सांगता येत नाही. आई-बाबांना घराबद्दल शब्द दिलाय. आणि नाही लिहून दिलं तर तुझा डोळा.

काय करू? तू सांगशील ते करीन.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी बाळा,

तो फॉर्म तू केलास! अगं बये, मग आधी का नाही बोललीस? मी पत्र वाचून खाली गेले आणि शिंपीणबाईंना म्हटलं, हॉस्पिटलचा फॉर्म आमच्या भिंगरीनं केलाय. त्या म्हणाल्या, ‘कपडाही असाच शिवावा, अंगाला ढिला.’ कपडे शिवणाऱ्या बाईकडून याहून मोठी शाबासकी नाही. आम्ही दोघी चहा प्यायलो त्यावर. राग होता तो निम्मा तिथेच वितळला.

उरलेला निम्मा तुझ्या माफीनं गेला. ‘पण’ लावला नाहीस ते बरं केलंस. आपल्या घराण्यात माफीला शेपूट असतंच, दादाला विचार.

आता काय करू म्हणतेस. मी सांगणार नाही.

चिडू नकोस. सांगायला माझ्या जिभेवर आहे, दातांनी धरून ठेवलंय. मी आत्या, तू भाची, मी म्हटलं की तू करशील. आणि मग पुढे काही बरंवाईट झालं तर ते तुझं नसेल, माझं असेल, तुझ्या डोक्यात बाहेरून घातलेलं. तक्रार कशाबद्दल केलीय मी? याबद्दलच ना? मग स्वतःच्या भाचीला तेच कसं करू?

एवढं मात्र सांगते. माझा डोळा तराजूत घालू नकोस. डोळा माझा, हट्ट माझा, त्याचं मी बघेन. तू सही केलीस तरी या घराचं दार तुला उघडं आहे आणि फॉर्म तुझा छान आहे. सुनावणीला मी कुणालाही सांगणार नाही की तू माझी कोण.

जेवत जा वेळेवर.

आत्या


२३ एप्रिल

भिंगरी,

हे अक्षर माझं नाही, शिंपीणबाईंचं आहे. मी सांगतेय, त्या लिहितायत. आता डाव्या डोळ्यालाही थकवा आलाय. त्या मध्येच आपलं काही घालतील, त्यांना कोण आवरणार! (घालणारच. मी पण तिथे होते.)

काल सुनावणी झाली. तुझं महिनाभर पत्र नाही. मी समजले की तू सही केलीस आणि मला तोंड दाखवायला लाजतेस. मनाशी ठरवून गेले होते, काही झालं तरी पोरीवर राग धरायचा नाही. बसमध्ये मी तिकीट काढायचंसुद्धा विसरले. (खरं आहे. मी घाबरले, बाईंना बरं नाही की काय.)

साधी खोली, लांब टेबल, पंखा कुरकुरणारा. अधिकारी बाई वयानं वहिनीएवढ्या असतील. पलीकडे कंपनीचे वकील आणि एक तंत्रज्ञ. मी तुला शोधलं. तू नव्हतीस. वकिलांनी सुरुवात केली, फार विनयानं. म्हणाले, आजींबद्दल आदर आहे, पण तंत्रज्ञानाची रचनाच अशी आहे की या भागीदारांच्या कोडशिवाय फॉर्म उभाच राहत नाही. अधिकारी बाई म्हणाल्या, फॉर्म ज्यांनी बनवला त्यांचं म्हणणं? वकील म्हणाले, त्या रजेवर आहेत.

तेव्हा अधिकारी बाईंनी समोरचं पाकीट उघडलं. म्हणाल्या, ‘त्या रजेवर असतील, पण त्यांचं निवेदन टपालानं थेट माझ्याकडे आलंय.’ आणि मोठ्यानं वाचलं. भिंगरी, ते वाक्य मला पाठ झालंय. ‘हा फॉर्म मी बनवला आहे. तो बाहेरच्या कोणत्याही कोडशिवाय चालतो. तसा चालावा म्हणूनच मी तो बनवला.’ पुढे ती अक्षरं कशी उचलली जातात, पडद्याची ओळ कुठली, सगळं. आणि शेवटी, ‘तक्रारदार बाई माझ्या आत्या आहेत. हे लपवणं मला योग्य वाटत नाही.’

माझे कान गरम झाले. मी कुणाला सांगणार नव्हते, आणि तू टाकलंस सांगून!

वकील उठले. म्हणाले, बघा, घरचंच माणूस, या निवेदनाला काय किंमत? अधिकारी बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘खरं आहे का, त्या तुमच्या भाची?’ मी उभी राहिले. गुडघा दुखतो, तरी उभी राहिले. म्हटलं, ‘हो. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. लहानपणी माझ्या मांडीवर वाढलीय. पण साहेब, ती खोटं बोलते असं वाटत असेल तर वाद कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती ओळ काढा आणि बघा चालतो का.’ (आवाज असा लागला होता बाईंचा, की बाहेर बाकावर बसलेले लोक दारात आले.)

अधिकारी बाई तंत्रज्ञाला म्हणाल्या, काढा. त्यानं वकिलांकडे पाहिलं. बाई पुन्हा म्हणाल्या, त्यांच्याकडे नका बघू, मी सांगतेय. त्यानं टकटक केलं. पडदा गेला. मग बाहेरचे कोड सगळे बंद करवले. आणि मला म्हणाल्या, आजी, या, तुम्हीच भरा.

मी बसले त्या खुर्चीत. इतके दिवस कडेनं बघितलेला तुझा फॉर्म पहिल्यांदा अख्खा बघितला. अंधुक का होईना, बघितला. नाव लिहिलं. वय लिहायला विसरले तर त्यानं हळूच सांगितलं, ओरडला नाही. डोळा, उजवा. खोलीत सगळे माझ्या बोटाकडे बघत होते आणि मला अजिबात भीती वाटली नाही. ‘पाठवा’ दाबलं.

१४ मे, सकाळी. आली तारीख!

शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. (वाजवल्या. अधिकारी बाईंनी मला गप्प बसवलं, पण हसत होत्या.) तंत्रज्ञ माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘त्या असाच कोड लिहितात, आजी. आम्ही त्यांचंच बघून शिकतो.’ तोपर्यंत मी कोरडी होते. मग मात्र पदर लावावा लागला डोळ्यांना.

निकाल तिथेच सांगितला. पडदा काढायचा. आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, आणि ‘हो’ जेवढं मोठं तेवढंच मोठं ‘नको’ ठेवायचं, शेजारी. नको म्हणणाऱ्यालाही तारीख मिळालीच पाहिजे. गोळा केलेलं सगळं पुसायचं. फक्त माझं नाही, सगळ्यांचं. शिंपीणबाईंचंसुद्धा. (हे वाक्य मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. तुझ्या आत्याला मी काही म्हणू शकत नाही, ती चिडते. तुला म्हणते. सुखी राहा पोरी.)

बघ, घातलंच त्यांनी मध्ये. भिंगरी, मी अशी बाई की कौतुक करताना जीभ जड होते. म्हणून शिंपीणबाईंच्या हातानं लिहवून घेते. मी गावभर माझ्या नोकरीचा तोरा मिरवला, पण मोठ्या बाई पाठीशी फिरत होत्या, सगळ्या मैत्रिणी तसंच करत होत्या. तसं वागायला फार काही लागत नाही. तू एकटी होतीस. समोर बढती ठेवलेली, पाठीशी कुणी नाही, मीसुद्धा तोंड शिवून बसलेली. आणि तरी तू लिहिलंस. मला तुझा अभिमान वाटतो. मोठ्यानं वाटतो.

आता एक कबुली. फॉर्मच्या शेवटी चौकट होती, ‘सोबत कोण येणार?’ सगळी खोली बघत होती, ऊर भरून आला होता, आणि मी लिहून टाकलं, ‘भाची’. तुला विचारलं नाही. एवढी कोर्टकचेरी करून तिथेच, अधिकारी बाईंच्या नाकासमोर, तुझ्या नावानं मीच हो म्हणून मोकळी झाले! घरी आल्यावर लक्षात आलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण चूक ती चूक. तेव्हा रीतसर विचारते. येशील का? नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. नाही म्हणालीस तरी तारीख रद्द होत नाही आणि माझं प्रेम कमी होत नाही.

आणि नोकरीचं काय झालं ते खरंखरं कळव. ‘बरी आहे’ चालणार नाही.

आत्या
(आणि शिंपीणबाई)


१ मे

आत्या, शिंपीणबाई, दोघींना नमस्कार.

खरंखरं लिहिते. रजा सक्तीची होती, सही केली नाही म्हणून. निवेदन टपालपेटीत टाकलं आणि लगेच हात घालून ते परत काढायला बघत होते. हात जात नव्हता, बरं झालं. तुला कळवलं नाही, कारण तू ‘शाबास’ म्हणाली असतीस तर मी तुझ्या शाबासकीसाठी केलं की स्वतःहून केलं, हे मलाच कळलं नसतं. महिनाभर तुला अंधारात ठेवलं खरं.

बढती गेली. ती दुसऱ्याला दिली. नोकरी मात्र आहे. निकालानंतर मॅनेजरनं बोलावलं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मग म्हणाला, ‘नकोचं बटण कुणीतरी करायला हवं. तूच कर.’ आणि मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, ‘माझी आई पण तिथेच तारीख घेते.’ आई-बाबांनाही सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, घर वर्षभर थांबेल. आई म्हणाली, ‘आत्याच्या वळणावर गेलीस.’ तिनं कुठल्या अर्थानं म्हटलं कोण जाणे, मी चांगल्याच अर्थानं घेतलं.

बटण केलं. काल दुपारी ते चालू झालं. ‘हो’ आणि ‘नको’, शेजारी शेजारी, एकाच रंगाची, एकाच मापाची, बोट चुकणार नाही एवढी लांब. तंत्रज्ञ माझ्या खुर्चीमागे उभा होता. बघता बघता पहिलं कुणीतरी आलं, कोण ते आम्हाला कळलं नाही, आता कळणारही नाही. त्या माणसानं ‘नको’ दाबलं आणि त्याला तारीख मिळाली. आम्ही दोघं बघत राहिलो. इतक्या वर्षांत केलेल्या कुठल्याच कामाचं मला इतकं वाटलं नव्हतं.

सोबतीच्या चौकटीबद्दल. तू विचारलंस, म्हणून नीट विचार केला. दोन दिवस केला, उगाच तुला ताटकळत ठेवायला.

हो.

तेराच्या संध्याकाळी पोचते.

भिंगरी